वहिवाट

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात
आयलीन सालमेला दारात उभी राहिली,
बुटांवरचा बर्फ पायरीवर झटकून, आत न येता.
हातात एक कागद, दुमडून दुमडून मऊ पडलेला.
म्हणाली, तुझ्या बर्चच्या मागून आमची वाट जाते.

आमची.
चाळीस एकरांचे हप्ते मी भरते
आणि वाट यांची.

मार्चमध्येच मी पाटी ठोकली होती,
केशरी, चार खिळ्यांची : प्रवेश बंद.
रात्री दोन वाजता तीन स्नोमोबाईल गेल्या होत्या
खिडकीच्या काचा थरथरवत,
आणि बर्फ वितळल्यावर गवतात सापडले
बिअरचे सात डबे
आणि एक हातमोजा, डाव्या हाताचा.
डबे तसेच टाकून आले, रागाने.
हातमोजा का कोण जाणे ठेवून दिला.

आयलीनने कठड्यावर नकाशा पसरला, बोट फिरवलं :
हा पेट्रोल पंप, ही कोस्किलाची खानावळ,
हे मोटेल, हिवाळ्यातच काय ते याचे दिवे लागतात,
इथून वर थेट लेक सुपिरियरचा काठ,
आणि इथे, मध्ये, तू.
एकोणतीस जणांच्या जमिनी, एकोणतीस सह्या,
सक्ती कुणावरच नाही.
तुझ्या आधीचा मालक सहीसुद्धा करायचा नाही,
नुसती मान हलवायचा.
मान हलवलेली खरेदीखतात उतरत नाही,
म्हणून आले.

आमचे आप्पा भूमापन खात्यात होते, करमाळ्याला.
दोन भाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आले
की ते साखळी खाली ठेवत
आणि आधी विचारत,
इथून माणसं कधीपासून जातात?
हद्द मला मोजता येते, म्हणायचे,
वहिवाट मोजायची तर पाय मोजावे लागतील,
आणि त्यातले निम्मे मेलेले असतात.

वहिवाटीला इंग्रजीत काय म्हणावं
ते मी शोधत राहिले.
आयलीन वाट बघत उभी राहिली.

मी म्हटलं, रात्री दहानंतर घराजवळून हळू.
ती म्हणाली, तशी पाटी आम्ही लावू.
आणि डबे?
मे महिन्यात मीच फिरते पोतं घेऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
या वर्षी तुझ्या केशरी पाटीपाशी आले
आणि परत फिरले.

सही मराठीत झाली, सवयीने.
तिने कागद जरा तिरका धरून पाहिला.
चालेल, म्हणाली.

जानेवारीत तिचा भाचा रात्रभर यंत्र फिरवत होता,
पिवळा दिवा झाडांमागून सरकत गेला
आणि सकाळी वाट विंचरलेली,
बारीक दात्यांची फणी फिरवल्यासारखी.
मीही बाहेर पडले.
तीन वर्षं झाली, जमिनीच्या मागच्या टोकाला
मी कधी गेलेच नव्हते :
उन्हाळ्यात दलदल, डास, काटेरी झुडपं.
यांच्या वाटेने गेले तेव्हा कळलं
की मागे एक ओढा आहे, माझा,
आणि त्यावर लाकडी पूल, यांचा.

पुलापाशी आवाज आला. मी कडेला झाले.
पुढच्याने वेग कमी केला, डावा हात उचलला,
दोन बोटं दाखवली.
मला वाटलं, जिंकल्याची खूण.
मग मागून अजून दोघे आले, एकामागे एक.
शेवटच्याने मूठ दाखवली :
माझ्यामागे कुणी नाही, आता तू जा.

त्यानंतर स्कीवरची एक बाई गेली,
तिच्या पुढे एक म्हातारा कुत्रा,
पायांत निळे मोजे घातलेला.
तिने मान हलवली. मीही हलवली.

मी पुढे गेले, बरीच.
माझी जमीन कुठे संपली ते आठवत नाही.
परतताना तो डावा हातमोजा
पुलाच्या खांबावर चढवून आले.
अजून कुणी नेलेला नाही,
चार बोटं बर्फ साचलाय त्याच्यावर.